मुकं बाळंतपण

वेंका गावात त्या सकाळी एक मूल जन्माला आलं आणि कुणीही आवाज केला नाही.

आमच्याकडे मूल झालं की बायका इलिलता देतात. जीभ भराभर हलवत काढलेला उंच, लांब, थरथरता आवाज. मुलगा झाला तर जास्त वेळा, मुलगी झाली तर कमी. या जास्त-कमीवरून मी आईशी पुष्कळ भांडले आहे, पण आवाजाच्या पल्ल्याबद्दल आमच्यात कधी मतभेद नव्हता. समोरच्या उतारावर मसूर निवडत बसलेली बाई हात न थांबवता मोजते आणि सांगते, अमक्याच्या सुनेला मुलगा झाला. तिची चूक होत नाही.

म्हणून तर मी तो आवाज मोजायला घेतला होता.

माता आणि बालकांच्या आरोग्याच्या कार्यक्रमात प्रगती खरी किती आणि सांगण्यापुरती किती, हे तपासणाऱ्या तुकडीत मी वर्षभरापूर्वी लागले. त्याआधी गोंदर शहरात संख्याशास्त्र शिकले. ज्या गावात एकही बाई घरी बाळंत होत नाही, सगळ्या आरोग्य केंद्रात जातात, त्या गावाला आमच्या भागात पांढरा झेंडा मिळतो. झेंडा मिळाला की गावाची मान ताठ होते. मग एखादी बाई घरी बाळंत झालीच, तर ती मान ताठ राहावी म्हणून सगळं गाव गप्प बसतं. 'तुम्ही घरी बाळंत झालात का?' असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, 'छे, छे.' अडकलेल्या तराजूचा यावा तसा मला त्या प्रश्नाचा राग येत असे.

मग मला सुचलं. बाळंतपणाबद्दल विचारायचंच नाही. कॉफी पिता पिता शेजारणीला विचारायचं, यंदा कुठल्या घरातून इलिलता ऐकू आली? केंद्रात बाळंत झालेल्या बाईची इलिलता केंद्रातच होते, खाली मोठ्या रस्त्याला. घरातून आली, तर मूल घरातच झालं. आनंदाची बातमी सांगताना आपण चहाडी करतोय असं कुणाला वाटत नाही. दिमा नावाच्या गावात मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि बायकांनी हसत हसत घरं दाखवली. दिमाचा झेंडा उतरला. आमचे झेलेके साहेब बैठकीत म्हणाले, "पोरगी दिसते एवढीशी, पण डोकं बघा." मी आईला फोन करून ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं.

वेंका हे दिमाच्या पुढचं गाव, आणि तोवर माझा प्रश्न तुकडीतले बाकीचेही इतर गावांत विचारू लागले होते.

वर रस्ता नाही, म्हणून गाडी खाली ओढ्यापाशी उभी केली. गावाचे अध्यक्ष देम्लेव, ज्यांना मान म्हणून सगळे गाशे म्हणतात, आणि गावची आरोग्यसेविका अयाल्नेश झेंड्याखालीच वाट बघत होते. अयाल्नेश माझ्याच वयाची. आम्ही येणार म्हणून ती उजाडल्यापासून तिथे उभी होती.

"लेकी, आधी झेंडा बघून घे," गाशे म्हणाले. "परवाच धुतलाय."

"वाऱ्याने सुटला तर अध्यक्ष मागे धावत जातात," अयाल्नेश म्हणाली. "बायको निघून गेली तर बसल्या जागेवरून हाक मारतील."

"बायको परत येते गं. झेंडा येत नाही."

आम्ही हसलो. गाशे जरा जास्तच हसले. त्यांचं लक्ष सारखं वरच्या घरांकडे जात होतं, पण ते मला नंतर आठवलं.

पहिल्या घरात कॉफी झाली, भाजलेले चणे झाले. मी नेहमीच्या सहजपणे प्रश्न विचारला. तिघी बायकांनी एकदम आपापल्या कपात पाहिलं.

"इलिलता? नाही बाई," त्यातली थोरली म्हणाली. "आमच्याकडे कोंबडासुद्धा दबकून आरवतो."

दुसऱ्या घरातही तेच.

"लग्नात तरी?" मी विचारलं.

"लग्नं झालीच नाहीत."

"एकही?"

"झालं एक. पण नवरी रडतच होती, तेव्हा कोण कशाला ओरडेल?"

शून्य. गावभर शून्य. उपकरण शून्य दाखवतं तेव्हा दोनच शक्यता असतात, एक तर मोजायला काही नाही किंवा उपकरण मेलेलं आहे. लग्नातसुद्धा इलिलता नाही असं गाव आमच्या डोंगरात असू शकत नाही, हे मला कळत होतं. हे कोडं आहे असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटली. चालता चालता मी मनात शक्यता मांडत होते आणि पुढचं घर कधी येतं असं मला झालं होतं.

पुढचं घर एमाये येशारेग यांचं; थोरल्या बाईला आम्ही एमाये, म्हणजे आई, म्हणतो. मातीचं गोल घर, दार ओढून घेतलेलं, आणि दाराला पाठ लावून उंबऱ्यावर म्हातारी बसलेली. पांढरी शाल तिने तोंडाभोवती घट्ट गुंडाळली होती. आतून करपत आलेल्या लोण्याचा आणि जवाच्या उकडीचा वास येत होता. ही उकड आमच्याकडे कधी करतात ते लहान मुलालाही ठाऊक असतं. बाळंतिणीला पहिला घास तिचाच देतात.

"एमाये, आत बसू का थोडा वेळ?" मी विचारलं.

"आत वासरू आजारी आहे."

"वासराला उकड?" अयाल्नेश हसत म्हणाली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

"मला खावीशी वाटली. म्हाताऱ्या माणसाने खाऊ नये का?"

"सून कुठे आहे तुमची? वुदे? तिला पुढच्या आठवड्यात केंद्रावर न्यायचंय, सांगितलंय ना मी. शेवटचे दिवस तिथेच राहायचं."

"गेली पाण्याला."

तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी बारीक, ओला, मधेच तुटलेला. येशारेग एकदम खोकायला लागली. खोकता खोकता ती पुढे वाकली, उंबऱ्यावर हात आपटायला लागली. आणि गाशे देम्लेव, जे आतापर्यंत गप्प होते, ते मोठ्याने बोलू लागले, "यंदा जव चांगला आलाय हो! पाऊस वेळेवर झाला! तुझ्या शहराकडे कसा आहे?"

"एमाये," मी म्हटलं, "तो आवाज कसला?"

"मांजर."

"मघाशी वासरू म्हणालात."

मी हे म्हटलं. त्या क्षणी मला उलटतपासणीत एखादा साक्षीदार पकडल्यासारखं वाटलं होतं. अयाल्नेशने माझ्यासारखं काही विचारलं नाही. तिने म्हातारीला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं आणि दार ढकललं.

आत अंधार होता. कणगीच्या आडोशाला कापडात गुंडाळलेलं मूल होतं. पलीकडे, चुलीपाशी, वुदे कातड्यावर पडली होती. तिच्या खालचं कातडं काळं दिसत होतं. मी पाय टाकला तेव्हा ते काळं चिकट लागलं.

"वार पडली का?" अयाल्नेशने विचारलं.

म्हातारी मुलाकडे वळली.

"एमाये! वार पडली का नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"उजाडताना झालं. अवचित आल्या कळा. मला वाटलं पडेल. मग..." म्हातारीने गाशेंकडे पाहिलं. "मग मी यांना सांगायला गेले. हे म्हणाले, त्यांची गाडी जाऊ दे, मग खाली नेऊ."

गाशे देम्लेव दारातच उभे राहिले होते. "मला काय माहीत इतकं रक्त जाईल म्हणून," ते म्हणाले. "बायकांचं जातंच ना थोडंफार. मी म्हटलं, दुपारपर्यंत जातील ही माणसं."

म्हणजे सकाळभर वुदे तिथे पडून होती आणि मी कॉफी पीत होते. दुसरा कप मी मागून घेतला होता.

अयाल्नेशचं घर तिथून दिसत होतं. रक्त थांबवायच्या गोळ्या त्या घरात, पेटीत होत्या. हाकेच्या अंतरावर म्हणतात ते हेच. ती धावत गेली आणि धावत आली. वुदेच्या जिभेखाली गोळ्या ठेवताना ती पुटपुटत होती, "मला एक हाक मारायची, एमाये. एक हाक. मी खाली झेंड्याखाली उभी होते गं, बावळटासारखी."

वुदेला खाली न्यायला माणसं हवी होती. आमच्याकडे मयतीला खांदा द्यायला गावोगाव मंडळ असतं. आजाऱ्याची डोलीही तेच उचलतात. पण माणसं शेतांवर पांगलेली होती.

"एमाये, ओरडा," अयाल्नेश म्हणाली. "तुमचा आवाज पोचतो. बोलवा सगळ्यांना."

येशारेग अंगणात गेली. तिने शाल तोंडावरून खाली घेतली, श्वास घेतला आणि थांबली. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"ओरडू?" तिने मला विचारलं. "तू लिहून घेणार नाहीस ना?"

मी मान हलवली. ओरडा, अशा अर्थाने हलवली की नाही लिहिणार अशा अर्थाने, ते माझं मलाच सांगता येणार नाही. तिने हाक दिली आणि डोंगराच्या दोन्ही अंगांनी माणसं पळत आली.

गाडीत मागच्या आसनावर वुदेला आडवी घेतली. अयाल्नेश तिचं पोट दाबत होती, मी तिचे पाय उंच धरून बसले होते. पुढे येशारेग मुलाला घेऊन बसली आणि तिच्या शेजारी, अर्धे दारात, गाशे देम्लेव. गाडीवाला गेतू खड्डे चुकवत शिव्या देत होता, मग म्हातारीची माफी मागत होता, मग परत शिव्या.

"दे रे शिव्या," येशारेग म्हणाली. "मलाही दोन दे."

थोड्या वेळाने ती मागे न वळता बोलू लागली. "दिमाला माझी बहीण दिलीय. तिने निरोप धाडला होता. म्हणाली, शहरातून एक पोरगी येते. गोड बोलते, कॉफीला नाही म्हणत नाही. मूल कुठे झालं ते विचारतच नाही. आनंद कुठून ऐकू आला ते विचारते. आम्ही भोळ्या, आम्ही सांगितलं. झेंडा गेला, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्याशी गाव बोलत नाही." तिने मुलाच्या तोंडावरचं कापड सारखं केलं. "तेव्हापासून आमच्याकडे बायकांचं ठरलं. घरात काही झालं तर आवाज नाही. लग्नालासुद्धा नको, उगाच घोळ. पहिला नातू माझा. मी शालीचा बोळा तोंडात कोंबला होता, आपोआप निघू नये म्हणून." मग तिने विचारलं, "तूच का गं ती?"

"आमच्या तुकडीत पुष्कळ जणी आहेत," मी म्हटलं.

अयाल्नेशने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तुकडीत मी एकटीच बाई आहे, हे तिला माहीत होतं. तिने पुन्हा वुदेच्या पोटावर हात रोवले.

केंद्रावर सिस्टर फांताये होत्या, थोराड आणि घाईच्या. त्यांनी वुदेला आत घेतलं आणि दार लावलं. मूल कुणीतरी माझ्या मांडीवर ठेवलं, कारण येशारेगला भिंतीला टेकून बसावं लागलं. मुलाने आपली मूठ माझ्या बोटाभोवती आवळली. इतक्या लहान हाताची पकड इतकी घट्ट का असते याचं शास्त्रीय कारण मला ठाऊक आहे. मी ते मनात म्हणत बसले, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. "वार काढली," त्या म्हणाल्या. "हात घालून काढावी लागली. रक्त थांबलंय. पण अंगात काही उरलेलं नाही, तिला मोठ्या दवाखान्यात रक्त द्यायला हवं. गाडी मागवलीय. जगेल. अजून थोडा उशीर झाला असता तर मी हे बोलले नसते."

येशारेग भिंतीकडे तोंड करून रडली. आवाज न करता रडली. आता तिला तशी सवयच लागली होती.

मग सिस्टर हात पुसत गाशेंना म्हणाल्या, "आणि अध्यक्ष, घाबरू नका. वार इथे पडली ना? मग बाळंतपण इथलंच. आम्ही वार धरतो, मूल नाही."

"असं धरतात?" मी विचारलं.

"सगळीकडे असंच धरतात, बाई. वार पडेपर्यंत बाळंतपण संपत नाही. पुस्तकातही तसंच आहे."

पुस्तकात तसं आहे, हे खरं. गाशे देम्लेव यांनी छातीवर क्रूस काढला. "मारियमचे उपकार. पोरही वाचली, झेंडाही राहिला." मग ते माझ्याकडे वळले. सगळेच वळले. "लेकी, तू देवमाणूस आहेस. तुझी गाडी नसती तर?"

माझी गाडी नसती तर ती उजाडतानाच खाली आली असती. हे त्यांनाही कळत होतं. ते मला वाट काढून देत होते आणि त्या वाटेने जायची मला फार इच्छा झाली. मी गप्प बसले असते तर अयाल्नेशला बोल लागला नसता, येशारेगला गावात मान खाली घालावी लागली नसती, आणि माझा प्रश्न हुशार प्रश्न म्हणून राहिला असता. यात कुणाचं काहीच बिघडत नव्हतं, फक्त पुढच्या गावात पुढच्या बाईने गप्प राहून मरायचं होतं.

फोनला रेंज फक्त त्या ओसरीवरच मिळत होती, म्हणून मी सगळ्यांसमोरच साहेबांना फोन लावला. मूल मांडीवरच होतं.

"वेंकाचं काय?" झेलेके साहेबांनी विचारलं. "शून्य ना? दिमानंतर प्रत्येक गावात शून्य येतंय. तुझा प्रश्न लागू पडला, मास्तेवाल. बायका केंद्रात जायला लागल्या. वरच्या बैठकीत मी हाच आलेख दाखवणार आहे."

"नाही साहेब," मी म्हटलं. "बायकांनी आवाज करायचं सोडलंय. आज इथे एक बाई घरी बाळंत झाली. आम्ही आलो म्हणून तिला लपवलं, मरायला टेकली होती. सगळ्या गावांतलं शून्य खोटं आहे. तो प्रश्न काढून टाका."

"सावकाश. घरी झाली? तिथली सिस्टर काय म्हणते?"

"घरी झाली. आणि प्रश्न माझा होता. दिमालाही मीच विचारला होता. तसं लिहा."

साहेबांनी आवाज खाली आणला. "असल्या गोष्टी फोनवर बोलत नाहीत. सोमवारी येऊन भेट. आणि तोवर कुणाशी काही बोलू नकोस."

पण मी बोलून बसले होते. फोन ठेवला तेव्हा ओसरीवर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सिस्टर आत निघून गेल्या. अयाल्नेश पायरीवर बसून हाताला सुकलेलं रक्त नखाने खरवडत होती. आता आधी तिलाच बोलावणं येणार होतं, आणि ते मला थांबवता येणार नव्हतं.

"झेंडा आम्ही आणून द्यायचा," गाशे देम्लेव यांनी हळूच विचारलं, "का तुम्ही न्यायला येणार?" त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

येशारेग भिंतीला धरून उठली. माझ्यासमोर आली, वाकली आणि तिने माझ्या बोटाभोवतीची मुलाची मूठ सोडवली. तिला घाई नव्हती. एकेक बोट तिने सोडवलं.

"म्हणजे तूच ती," ती म्हणाली.

"हो, एमाये."

"गाडीत विचारलं तेव्हा नाही म्हणालीस."

"हो. मला माफ करा."

"माफी कसली मागतेस. माझ्याकडे आज काही उरलेलं नाही, कुणाला द्यायला." तिने मूल खांद्यावर घेतलं. "आत जा. सिस्टर म्हणाली, तिने डोळे उघडलेत. माझे पाय चालत नाहीत आणि या पोराला आत नेऊ देत नाहीत. जाऊन बघ तिला काय हवंय. प्रश्न विचारू नकोस."

आत वुदे भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ राखेच्या रंगाचे. माझ्यापेक्षा लहान असावी. बाळंतिणीला भेटलं की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मारियमने तुला सुखरूप सोडवलं. मी ते म्हटलं. सकाळपासून तिला ते कुणीच म्हटलं नव्हतं.

तिने मान वळवली. मला ती ओळखत नव्हती.

"कधी गेलं?" तिने विचारलं.

"काय?"

"माझं मूल. जन्मलं तेव्हाच गेलं होतं का?"

"तुमचा मुलगा आहे. जिवंत आहे. बाहेर आजीजवळ आहे, आत्ताच माझ्या मांडीवर होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ती ठरवत होती.

"मी मोजायला थांबले होते," ती म्हणाली. बोलताना तिला दम लागत होता. "किती वेळा देतात ते. मुलगा की मुलगी, कळेल म्हणून. थांबले, थांबले. काहीच आलं नाही. मग मला वाटलं, गेलं असेल, म्हणून सगळ्या गप्प आहेत." तिने डोळे मिटले. पुन्हा उघडले. "जिवंत होता, तर त्या गप्प का होत्या?"

मी खाटेजवळ स्टूल ओढलं, बसले आणि तिला सांगायला लागले.